स्मोक अलार्म काढून ठेवू नका, आधी कोळ्याची जाळी बघा

पावसाळ्यात धूर नसतानाही स्मोक अलार्म कोकलतो, काढूनच ठेवू का, असं एकाने विचारलंय. काढू नका हो! गोव्याच्या दमट हवेत वाफ आत शिरते, शिवाय दिव्याभोवतीचे बारीक किडे फटींतून थेट धूर ओळखणाऱ्या सेन्सरपाशी. आमच्या फोंड्याच्या घरी तर आत कोळ्याने संसार थाटला होता. व्हॅक्यूमचा मऊ ब्रश बाहेरून सगळीकडे फिरवा, मग कोरडं फडकं. पाणी, फिनेल, झुरळांचा स्प्रे अजिबात नको. चवथीआधी रंगकाम काढलंत तर रंगाऱ्यावर लक्ष ठेवा, ते अलार्मवरूनही बिनधास्त ब्रश मारतात. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. थोड्या थोड्या वेळाने नुसतं 'टुक' वाजत असेल तर बहुधा बॅटरी संपत आलीय. आणि मागे छापलेली तारीख 10 वर्षांपूर्वीची निघाली तर पुसत बसू नका, सरळ नवा घ्या.