पेशी जगल्या, पण नळ्या केवढ्या होत्या?
प्रयोगशाळेच्या बशीत कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) घातल्यावर पेशी दुसऱ्या दिवशीही जिवंत होत्या म्हणून त्या नळ्या निर्धोक, हा तुमचा निष्कर्ष मला फार घाईचा वाटतो. पेशी जिवंत आहेत का हे मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी फॉर्मॅझान हा जांभळा पदार्थ बनवतात आणि या नळ्या त्यालाच चिकटतात, त्यामुळे आकडा भरवशाचा राहत नाही. वेगळ्या तत्त्वावरची दुसरी चाचणी जोडीला हवीच.

त्याहून महत्त्वाची लांबी. एडिंबराच्या संशोधकांनी २००८ मध्ये उंदरांच्या पोटाच्या पोकळीत लांब नळ्या टोचल्या, तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉस या घातक तंतुमय खनिजासारखाच दाह झाला, दाहाच्या गाठीही (ग्रॅन्युलोमा) आल्या. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसं झालं नाही. लांब ताठ तंतू भक्षक पेशीला (शरीरात शिरलेले कण खाऊन टाकणाऱ्या पेशीला) पुरता गिळताच येत नाही, आणि ती दाह वाढवत राहते. हे एका दिवसात बशीत कसं दिसणार?

तुम्ही सांगितलेल्या प्रयोगात नळ्यांची लांबी किती होती?