जुन्या गाडीची बॅटरी का उतरते? कोकणपट्टीतले अनुभव लिहा

गणपती जवळ आले की आमच्या रत्नागिरीत बॅटरीच्या दुकानांपुढे गाड्या लागायला लागतात. पावसाळाभर मांगराच्या आडोशाला उभी असलेली गाडी, चावी फिरवली की नुसतं ‘टक’, चाकरमानी तर येऊन ठेपलेले, म्हणून घाईने नवी बॅटरी. शिमग्याला तीच गाडी पुन्हा धक्का मारून चालू करायची वेळ येते, कारण दुखणं बॅटरीत नव्हतंच. हे इतक्या घरांतून बघितलंय की आता राहवत नाही. दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीची बॅटरी उतरत असेल किंवा चार्जच होत नसेल, तर कारण कसं शोधून काढलंत ते सविस्तर लिहा. गाडीचं वर्ष, पेट्रोल की डिझेल, लक्षण काय होतं, मीटरने काय दाखवलं, शेवटी काय निघालं. कंपनीचं नाव नको, त्यावरून वाद होतात आणि मुद्दा बाजूला राहतो.

सुरुवातीला तीन आकडे देतो, साधा डिजिटल मल्टिमीटर त्यासाठी पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टर्मिनलमध्ये १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली की संपत आली. दुसरा आकडा सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, मारताना बघायचा. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी त्या क्षणी ९.६ च्या खाली पडत असेल तरच बॅटरीवर संशय घ्या. तिसरा, इंजिन चालू असताना: १३.८ ते १४.५. त्याऐवजी १२.४ दिसून आकडा हळूहळू उतरत असेल तर बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर, म्हणजे आपला डायनामो, काम करत नाही. १५ च्या वर जात असेल तर डायनामोचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरी उकळतेय. हे तीन आकडे लिहून घेतल्याशिवाय कुणी ‘बॅटरी बदला’ म्हटलं तर ऐकू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

वेळणेश्वर, पेट्रोल, २००७

आमचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, गाडी माडाखाली उघड्यावर. लक्षण असं की हॉर्न जोरात, हेडलाइट झक्क, पण सेल्फ मारला की सगळं मंद होऊन टकटक. बॅटरी वर्षाच्या आतली, उभ्या गाडीला १२.६. गुहागरच्या वायरमनने बॅटरीला हातच लावला नाही. त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर धरली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे फार तर ०.२ व्होल्ट यायला हवेत, आले जवळजवळ २. म्हणजे बॅटरीतली ताकद इंजिनपर्यंत पोचण्याआधीच अर्थच्या वायरीत (अर्थिंग, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बॉडी-इंजिनला जोडणारी वायर) जिरत होती.

वायर वरून धडधाकट दिसत होती. काळं रबर ब्लेडने चिरलं तेव्हा आत तांबं दिसेचना, सगळा हिरवा भुगा. बोटांत धरून चोळल्यावर तारा अशा तुटत होत्या की दहातली एखादीच शाबूत होती. लगच्या, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या, तोंडातून खारी हवा आत शिरते आणि रबराखाली तांबं खात जाते, बाहेरून काहीच कळत नाही. नवी जाड वायर टाकली, बॉडीवरचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला, बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलिन थापलं. तेव्हापासून तक्रार नाही. समुद्राकाठच्या सगळ्यांना कळकळीने सांगतो, आधी अर्थ बघा. इंजिन ते बॉडी अशी दुसरीही एक पट्टी असते, तीही विसरू नका.

राजापूर, पेट्रोल, २००९

माझी तक्रार वेगळी. रोज गाडी काढली तर काही नाही, तीन-चार दिवस उभी राहिली की मेली. चार्जिंग १४.१, अर्थ ठीक. म्हणजे उभ्या गाडीत कुणीतरी करंट खातंय.

तो मोजायची रीत लिहितो, कारण घाईत लोक मीटरचा फ्यूज उडवतात. लाल पिन मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात घाला. गाडीची चावी काढा, सगळे दिवे बंद, ड्रायव्हरच्या दाराचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत दाबून ठेवा म्हणजे आतला दिवा विझेल. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून मीटर केबल आणि खुंट यांच्या मध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही. सुरुवातीला आकडा जास्त दिसतो. गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स झोपायला वेळ घेतात, म्हणून अर्धा तास तरी थांबायचं. त्यानंतर ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक.

माझ्याकडे आले ३८०. एक-एक फ्यूज काढत गेलो. आतल्या दिव्यांचा आणि रेडिओचा फ्यूज काढला आणि आकडा ३० वर आला. नंतर बसवून घेतलेल्या म्युझिक सिस्टीमचा अ‍ॅम्प्लिफायर चावी बंद असतानाही चालू राहत होता, कारण तो सुरू करणारी बारीक वायर थेट कायम करंटवर दिलेली. हिशेब करा: ०.३८ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-अवर. बॅटरी ३५ ची. चौथ्या दिवशी ती रिकामी होणारच. ती बारीक वायर चावीच्या लाइनवर घेतली, खर्च जवळजवळ शून्य.

कुडाळ, डिझेल, २००५

राजापूरवाल्यांनी लिहिलंय त्याच रीतीने आम्ही बघितलं, पण सगळे फ्यूज काढून झाले तरी आकडा हलेना. १.४ अँपिअर. इथेच बरेच जण हात टेकतात. आमच्या गल्लीतले जुने वायरमन काका आले, त्यांनी मीटर मागितलाच नाही. म्हणाले, “आधी डायनामोक हात लावन बघा, गरम आसा काय.” सकाळची वेळ, इंजिन रात्रभर बंद, बाकी सगळं गार, आणि डायनामो कोमट!

डायोड प्लेट गेली होती. डायोडचं काम करंट एकाच दिशेने, डायनामोकडून बॅटरीकडे, जाऊ देणं. तो शॉर्ट झाला की रात्रभर बॅटरीचा करंट उलटा डायनामोत वाहत राहतो, आणि बॅटरीहून डायनामोला जाणारी जाड वायर फ्यूजपेटीतल्या लहान फ्यूजांतून जातच नाही. खात्री अशी केली: बॅटरीची निगेटिव्ह काढली, डायनामोवरची जाड वायर सोडवून टेपने गुंडाळली, मीटर परत जोडला. १.४ चे झाले ०.०२. निगेटिव्ह न काढता ती वायर सोडवू नका, पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते.

डायनामो पूर्ण बदलायला सांगणारेही भेटले. प्लेट आणि कार्बन (ब्रश) बदलून तोच डायनामो आजही चालतोय.

देवगड, पेट्रोल, २००३

थोडक्यात लिहिते. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. माझ्या गाडीत तो लागतच नव्हता, सगळे म्हणत होते छान, म्हणजे चार्जिंग ठीक. उलट होतं. जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच डायनामोला पहिला करंट मिळतो. बल्ब गेलेला, म्हणून डायनामो जागाच होत नव्हता. एक बल्ब बदलला आणि १२.३ चे १४.२ झाले.

दापोली तालुका, डिझेल, २०१०

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या गावात कित्येक दिवस वीज नव्हती. झाडं आडवी, रस्ते बंद, मुंबईत मुलांना ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढं सांगायलाही मोबाइल चार्ज नव्हता. दारात उभी गाडी हाच वाडीचा वीजपुरवठा. शेजारच्या घरांतले फोन लागायचे, संध्याकाळी एक एलईडी पट्टी. डिझेल जपायचं होतं म्हणून इंजिन चालू ठेवत नव्हतो. त्या दिवसांत ती बॅटरी खूप उपयोगी पडली आणि त्यातच संपली.

वीज आल्यावर चार्जरवर लावली तर १२.६ दाखवायची, पण सेल्फ मारला की धाडकन ८. चार्जिंग दुकानवाल्याने समजावलं ते पटलं. गाडीच्या बॅटरीतल्या प्लेटा पातळ असतात, क्षणभर भरपूर करंट द्यायला. पार रिकामी करून तशीच ठेवली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ते मग चार्जिंगने विरघळत नाहीत. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी जाड प्लेटांची, ती हे सोसते. आता घरात त्यासाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवली आहे. गाडीच्या बॅटरीवर घर चालवायची वेळ आलीच तर मीटर लावून ठेवा आणि १२.२ ला थांबा.

चिपळूण, पेट्रोल, २०११

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, गाडी डॅशबोर्डपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर चावी फिरवली नाही, आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. इंजिन, तेल, वायरिंग सगळं सोडवून घेतलं आणि गाडी चालू झाली. दुखणं आलं पुढच्या उन्हाळ्यात: बॅटरीचा दिवा धड लागेना, धड विझेना, मिणमिणत राहायचा. डायनामोच्या मागच्या सॉकेटच्या पिना हिरव्या पडल्या होत्या आणि आत गाळाचा पापुद्रा होता. पिना साफ केल्या, कार्बन बदलले. पुरातून निघालेली गाडी घेणाऱ्यांनी प्रत्येक सॉकेट उघडून बघावं, वरून धुतलेली गाडी आतून स्वच्छ नसते.

दादर आणि हरिहरेश्वर, पेट्रोल, २००८

आमची गाडी गावीच असते, आम्ही सुट्ट्यांत येतो. चुलतभावाला सांगून ठेवलंय की आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं चालू करून ठेव. तरी बॅटरी उतरते. का?

धागाकर्ता, रत्नागिरी

कारण दहा मिनिटं आयडलवर जुना डायनामो फारसं काही देत नाही. सेल्फने घेतलेलं जेमतेम भरतं, आणि त्यात पावसाळ्यात लोक वायपर, ब्लोअर, हेडलाइट लावून बसतात. दोन हेडलाइटच जवळजवळ नऊ-दहा अँपिअर घेतात. चालवायचीच तर श्रीवर्धनपर्यंत फेरी मारून आणायला सांगा. ते जमत नसेल तर गाडी ठेवताना बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह केबल काढून ठेवा. आपल्या उकाड्यात बॅटरी काही न जोडताही आपोआप उतरते, थंड प्रदेशापेक्षा लवकर. म्हणून भावाला महिन्यातून एकदा चार्जरवर लावायला सांगा.

कणकवली, ऑटो इलेक्ट्रिशियन

रोजचं काम हेच, म्हणून वर राहिलेलं तेवढं लिहितो. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आला की लोक त्यावर नुसतं गरम पाणी ओततात. खायचा सोडा पाण्यात कालवून घासा, अ‍ॅसिड मारलं जातं. झाकणं घट्ट लावा, सोडा आत जाता कामा नये. पाना लावताना निगेटिव्ह आधी काढायची, बसवताना शेवटी. बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, विडी-सिगारेट लांब.

पाणी कमी झालं तर डिस्टिल वॉटरच, अ‍ॅसिड नाही, विहिरीचं तर नाहीच. बॅटरीच्या सहा घरांपैकी (सेल) एकाच घरात हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता दाखवणारी नळी) खाली बसला, बाकी पाच घरं १.२६ आणि एक १.१८, तर त्या बॅटरीवर खर्च करू नका, ते घर गेलं. सगळी घरं सारखीच खाली असतील तर बॅटरी उपाशी आहे, चार्जिंग शोधा.

पावसात सकाळी गाडी चालू केल्यावर किंचाळते आणि नंतर गप्प होते, ती बेल्टची ढिलाई. बेल्ट घसरला की डायनामो फिरतच नाही पुरेसा. आणि उंदीर! पावसाळ्यात उबेला बॉनेटखाली येतात. सावंतवाडीकडच्या एका गाडीत डायनामोची बारीक वायर कुरतडलेली होती, मालकाला दुसरीकडे नवीन डायनामो सांगितला होता.

फ्यूज काढून बघताना इलेक्ट्रॉनिक्स पुन्हा जागी होतात आणि आकडे फसवतात. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलीव्होल्ट मोजा. शून्य असेल तर तिथून करंट जात नाही, आकडा दिसला तर ती लाइन पकडा.

अलिबाग, डिझेल, २००६

रात्रभर उभी, १२.५. चालू असताना १४.२. सकाळी एका हाकेत चालू होते. पण वडखळपर्यंत जाऊन चहाला थांबलं की नंतर सेल्फ घेत नाही, नुसतं टक. अर्ध्या तासाने घेते. बॅटरी बदलू का?

कणकवली, ऑटो इलेक्ट्रिशियन

नको, भाऊ. तुमचे दोन्ही आकडे चांगले आहेत. गरम असतानाच होतंय म्हणजे सेल्फ किंवा त्याच्या बारीक वायरीकडे बघा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, दुसऱ्या माणसाला चावी मारायला सांगा आणि सेल्फच्या सोलेनॉइडवर (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) जी बारीक वायर येते तिथे व्होल्ट मोजा. बॅटरीइतकेच, एखादा व्होल्ट कमी, आले तर सेल्फ उघडायचा: बुश, कार्बन, सोलेनॉइड. तिथे आठ-नऊच आले तर चावीचा स्विच किंवा वाटेतला जोड करंट खातोय, तिथे रिले (करंट जोडणारा वेगळा स्विच) टाकून भागेल. गाडी गरम असताना मोजा, गार झाल्यावर काही दिसणार नाही. आकडा इथे लिहा, मग पुढचं सांगतो.