मदत हवी आहे: मशीनवर सोडियम १३८, लॅबमध्ये १४४. खरा आकडा कोणता?

डायलिसिस_टेक
नमस्कार. युनिटमध्ये एकाच मॉडेलची दोन मशीन आहेत. पार्ट ए (क्षारांचं घट्ट आम्लयुक्त द्रावण) चे कॅन एकाच लॉटचे, पार्ट बी (बायकार्बोनेटचं द्रावण) एकदमच कालवलेलं. सेटिंग दोन्हीकडे सोडियम १३८, बायकार्ब (बायकार्बोनेट) ३२, दोन्ही मिलिमोल प्रति लिटर. स्क्रीनवर कंडक्टिव्हिटी (द्रावणाची वीजवाहकता) दोन्हींची १३.९ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर, अलार्म नाही. पण डायलायझेटचे (मशीन मिसळून तयार करतं त्या द्रावणाचे) नमुने लॅबच्या आयएसई (इलेक्ट्रोडने सोडियम मोजणाऱ्या) ॲनालायझरवर लावले तर पहिल्या मशीनचं सोडियम १३९ आणि दुसऱ्याचं १४४ आलं. दुसऱ्या मशीनवरच्या पेशंटना तहान फार लागते, दोन डायलिसिसमधली वजनवाढही त्यांचीच जास्त. सर्व्हिस इंजिनिअर म्हणतात, कंडक्टिव्हिटी बरोबर आहे म्हणजे मशीन बरोबर आहे. तोवर दुसऱ्या मशीनवर सोडियम १३३ लावून चालवू का?

बायोमेड_काका
१३३ लावू नका; का ते खाली सांगतो.

मशीन सोडियम मोजत नाही. ते द्रावणातून वीज किती वाहते ते मोजतं आणि तुम्ही निवडलेला फॉर्म्युलाच कॅनमध्ये आहे असं धरून सोडियमचा आकडा काढतं. म्हणजे स्क्रीनवरचे १३८ हा हिशेब आहे, आणि तो सगळा कंडक्टिव्हिटी सेलवर (वीजवाहकता मोजणाऱ्या भागावर) उभा आहे. सेल चुकला की हिशेब चुकला, स्क्रीन मात्र शांत.

लॅबचा आकडाही जसाच्या तसा घेऊ नका. ॲनालायझर सीरमसाठी (रक्तातल्या द्रवासाठी) लावलेला असतो. डायलायझेटमध्ये प्रथिनं नसतात, त्यामुळे दोन-तीन मिलिमोल इकडेतिकडे होऊ शकतात. पण एकाच ॲनालायझरवर एकाच वेळी लावलेल्या दोन नमुन्यांत ५ चा फरक आला, तर तो फरक खरा धरायचा.

आता हँडहेल्ड कंडक्टिव्हिटी मीटर घ्या. आधी १४.० च्या स्टँडर्ड द्रावणात तपासा आणि तापमान भरपाई चालू आहे ना ते बघा. एका अंशाला कंडक्टिव्हिटी साधारण २ टक्के हलते, त्यामुळे ती बंद असेल तर सगळं मोजमाप वाया. पेशंट नसताना मशीन १५ मिनिटं स्थिर होऊ द्या. डायलायझरकडे (रक्त शुद्ध करणाऱ्या फिल्टरकडे) जाणाऱ्या कपलिंगमधून नमुना घ्या, त्याच द्रावणाने कप दोन-तीनदा विसळा आणि मग मोजा. दोन्ही मशीनचे आकडे टाका. सोबत दोन गोष्टी सांगा: मॉडेल ठरलेल्या प्रमाणात मिसळतं की कंडक्टिव्हिटी बघून पंप कमी-जास्त करतं? आणि डिस्केलिंगची (क्षारांचा थर काढण्याची) नोंद काय आहे?

लॅब_टेबल
नमुना सोडियम हेपरिनच्या सिरिंजमध्ये घेऊ नका, त्यातलं सोडियम रिझल्टमध्ये येतं. साधी कोरडी नळी काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा. ॲनालायझरचा कल बघायचा असेल तर ०.९ टक्के सलाइनची नवी बाटली लावून बघा, १५४ च्या आसपास यायला हवं. बाटलीच्या मात्रेत थोडा फरक नियमाने चालतो, त्यामुळे ही ढोबळ तपासणी समजा.

डायलिसिस_टेक
मीटर १४.० वर बरोबर आहे. पहिलं मशीन १३.९, दुसरं १४.४. मॉडेल कंडक्टिव्हिटी बघून पंप चालवणारं आहे. ब्लीच दोन्हींना रोज होतं. सायट्रिक आम्लाच्या गरम सायकलची नोंद पहिल्याची नियमित आहे, दुसऱ्याची बरेच दिवस नाही.

बायोमेड_काका
मग सापडलं. १४.४ ला १३.९ ने भागा: साधारण ३.६ टक्के जास्त. १३८ वर ३.६ टक्के म्हणजे १४३. लॅब पहिल्या मशीनला १ ने जास्त दाखवते आहे, तेवढं वजा केलं की तिचेही १४३ च होतात. दोन्ही वाटा एकाच आकड्यावर आल्या.

घडलंय असं: पार्ट बी मधला बायकार्बोनेट आणि पार्ट ए मधला कॅल्शियम भेटले की कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. सेलच्या इलेक्ट्रोडवर तो बसला की सेल खऱ्यापेक्षा कमी वाचतो. मशीनला वाटतं द्रावण पातळ आहे, म्हणून ते कॉन्सन्ट्रेट (पार्ट ए, बी ची घट्ट द्रावणं) जास्त ओढतं. पार्ट ए जास्त गेलं म्हणजे पोटॅशियम आणि कॅल्शियमही चढलं, तेव्हा प्रश्न एकट्या सोडियमचा नाही. सुरक्षेचा दुसरा सेल असला तरी तोही त्याच पाण्यात बसलेला, थर दोघांवर सारखाच, म्हणून अलार्म नाही. ब्लीच जंतू आणि प्रथिनं काढतं, हा थर काढत नाही.

क्रम असा ठेवा. मशीन पेशंटसाठी बंद करा. पूर्ण रिन्स करून ब्लीचचा अंश गेल्याची पट्टीने खात्री करा, कारण ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू होतो. मग सायट्रिकची गरम सायकल. थर जुना असेल तर दोनदा. पुन्हा रिन्स, पुन्हा मीटर. त्यानंतरही फरक राहिला तरच इंजिनिअरकडून कॅलिब्रेशन. थर असताना कॅलिब्रेट केलं तर थर निघाल्यावर चूक उलट्या दिशेला जाते. १३३ ला नको म्हटलं तेही याचमुळे: सेल साफ होईल त्या दिवशी पेशंटला खरोखर १३३ मिळेल, पायात गोळे येतील, बीपी पडेल.

नेफ्रो_ओपीडी
लिटरमागे ५ मिलिमोल किती मोठे ते बघा. शरीरात ३० लिटर पाणी असलेल्या पेशंटचं सोडियम डायलायझेटच्या बरोबरीला आलं, तर कमाल १५० मिलिमोल, म्हणजे जवळपास ९ ग्रॅम मीठ आत जातं. ते पेलायला पेशंट लिटरभर पाणी पितो. वजनवाढीसाठी त्याला रागावण्याआधी मशीन तपासायला हवं ते म्हणूनच.

दुरुस्तीनंतर या पेशंटना अचानक खरं १३८ मिळेल. सुरुवातीच्या डायलिसिसमध्ये बीपी नेहमीपेक्षा जास्त वेळा घ्या. पाणी काढण्याचा वेग आणि ड्राय वेट (जादा पाणी काढल्यानंतरचं वजन) डॉक्टरांना दाखवून ठरवा, बीपीच्या गोळ्याही बघायला सांगा.

डायलिसिस_टेक
दोन सायकलनंतर दुसरं मशीन मीटरवर १४.०, स्क्रीनवर १३.९. एवढा फरक चालेल?

बायोमेड_काका
चालेल. ०.१ म्हणजे सोडियममध्ये साधारण १. कॉन्सन्ट्रेटच्या सोडियमलाच आयएसओ २३५०० मालिकेत (डायलिसिस द्रावणांची आंतरराष्ट्रीय मानकं) लेबलच्या अडीच टक्के इकडेतिकडे मुभा आहे, १३८ वर सुमारे साडेतीन. ०.२ च्या वर गेलं की इंजिनिअरला बोलवा आणि मीटरचे आकडे लेखी द्या. दर आठवड्याला दोन्ही मशीनचं मीटरचं वाचन स्क्रीनच्या आकड्याशेजारी वहीत लिहा, आणि सायट्रिकची सायकल उत्पादकाच्या वेळापत्रकाप्रमाणे दुसऱ्यावरही चालू करा.