क्षमा मागून झाली तरी ओझं उतरत नाही, चुकतंय कुठे?

उंबरठा:
बायबलमधलं 1 योहान 1:9 म्हणतं, पापं पदरी घेतली (म्हणजे कबूल केली) की देव क्षमा करतो. मग एकाच पापाची रोज क्षमा मागूनही मन का खात राहतं? क्षमा मिळालीच नाही, की मागण्यात काही राहून जातंय? आणि एखाद्याचे पैसे बुडवले असतील तर देवाजवळ कबूल केलं की मिटलं का? कृपया 'विश्वास ठेवा' एवढ्यावर भागवू नका, नेमकं काय करायचं ते सांगा.

मोहरीचा दाणा:
त्या वचनात देव क्षमा का करतो याचं कारणही दिलंय: तो विश्वसनीय आणि न्यायी आहे म्हणून. 'दयाळू' हा शब्द तिथे नाही! पापाची किंमत ख्रिस्ताच्या रक्ताने चुकती झाली आहे (त्याच अध्यायाचं 7वं वचन), म्हणून क्षमा करणं हाच न्याय. आपण किती रडलो याचा हिशेब त्यात येत नाही.

'पदरी घेणे' यासाठी मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'तेच म्हणणे' असा आहे. देव त्या कृत्याला जे म्हणतो तेच आपणही म्हणायचं. बहुतेकांची गाडी इथेच अडते. 'प्रभू, काही चुकलं असेल तर माफ कर' ही कबुली नव्हे. खोटं बोललो, कोणाशी, कशासाठी, असं नाव घेऊन सांगा. वाक्यात 'पण' आला की समजा, कबुली संपून वकिली सुरू झाली. स्तोत्र 51 मोठ्याने वाचा. ते रचणारा दावीद राजा सुरुवातीलाच दया मागतो, 'पुन्हा करणार नाही' असा सौदा करत नाही.

मागून झालं की आभार माना. ही पायरी सर्रास गाळली जाते. त्यानंतर तेच पाप आठवलं तर पुन्हा क्षमा मागू नका, मिळालेल्या क्षमेबद्दल आभार माना. स्तोत्र 32:5 मध्ये कबुली आणि क्षमा एकाच वचनात आहेत, मधे वाट पाहणं नाही.

पंचमांश:
पैशांचं उत्तर गणना 5:7 मध्ये आहे: पूर्ण रक्कम, वर पाचवा हिस्सा. 1000 बुडवले असतील तर 1200. तो माणूस हयात नसेल तर जवळच्या नातलगाला, तोही नसेल तर याजकाला, म्हणजे मंदिराच्या पुरोहिताला (5:8). लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदाराने तर चौपट देऊ केलं. मात्र लूक 19 मधला क्रम बघा: येशू आधी त्याच्या घरी उतरायला निघाला, परतफेडीची गोष्ट नंतर आली. परतफेड हे क्षमेचं फळ आहे. तिला क्षमेची फी समजलात की सगळं उलटं होतं.

समोरच्याकडे जाल तेव्हा त्याच्या चुका काढू नका. आणि जे पाप फक्त तुमच्या मनात झालं, त्याला ठाऊकही नाही (हेवा, वाईट विचार), ते त्याला सांगायला जाऊ नका. तुमचं ओझं त्याच्या डोक्यावर, एवढंच होईल.

जुनी घंटा:
वरचं सगळं एकट्याने देवाशी बोलण्यापुरतं झालं. कॅथलिक परंपरेत कबुलीसाठी प्रायश्चित्त संस्कार आहे, आधार योहान 20:23. सदसद्विवेकाची तपासणी, पश्चात्ताप, धर्मगुरूंजवळ कबुली, पापमुक्तीचे शब्द आणि नेमून दिलेलं प्रायश्चित्त. गंभीर पापं प्रकार आणि संख्येसह सांगायची. एखादं विसरलात तर त्याचीही क्षमा झालेली असते, पुढच्या वेळी सांगावं. मुद्दाम लपवलंत तर मात्र अख्खी कबुली व्यर्थ. क्षमेचे शब्द कानांनी ऐकू येणं हा मोठा आधार आहे. तुमच्यासारख्याला तर हवाच.

मोहरीचा दाणा:
@जुनी घंटा, याकोब 5:16 पापं 'एकमेकांजवळ' कबूल करा म्हणतं, त्यासाठी धर्मगुरूच हवा असं मी मानत नाही. पण कोणाच्या तरी तोंडून ऐकावं, हे मान्य.

उंबरठा:
आणि हे सगळं करूनही दुसऱ्या दिवशी तोच घोर लागला तर?

जुनी घंटा:
तर तो पश्चात्ताप राहिला नाही, तो अतिशंकेचा त्रास आहे. लॅटिनमध्ये त्याचं नाव 'टोचणारा बारीक खडा' या शब्दावरून पडलंय. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथर आणि जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला, दोघांनाही तो खडा टोचत होता. जुना नियम असा: मार्गदर्शक एकच ठेवा, जुनी पापं पुन्हा उकरू नका, दिवसातून एकदाच थोडा वेळ आत्मपरीक्षण. तरी विचार थांबत नसतील, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मंत्रचळ (OCD) म्हणतात त्या आजाराचंही हे एक रूप असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

पंचमांश:
एक भर. मत्तय 27 मध्ये येशूला पकडून देणाऱ्या यहूदानेही 'मी पाप केलं' असं म्हटलं, त्यासाठी घेतलेली चांदीची 30 नाणीही परत केली. म्हणजे कबुली झाली, परतफेड झाली. पण तो गेला याजकांकडे, आणि ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय. शिष्य पेत्रानेही येशूला ओळखत नाही म्हणून नाकारलंच होतं, तो मात्र येशूकडे परत आला.