मुलुंडचा प्लॉट दोन भावांत वेगळा करायचाय, पालिकेची मंजुरी लागतेच का?

मुलुंडचा_धाकटा:
नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला वडिलांचा ६४० चौ. मी. चा प्लॉट आहे, साधारण १६ मीटर रुंद नि ४० मीटर खोल. पुढे जुना एकमजली बंगला (वरखाली मिळून २२० चौ. मी.), मागे विहीर, आंबा आणि मोकळी जागा. बाबा गेल्यावर प्रॉपर्टी कार्डावर आई आणि आम्ही दोघे भाऊ अशी नावं लागली. दादाला पुढचा भाग हवाय, मला मागचा, वाद काहीच नाही, वकील म्हणाले वाटणीपत्र रजिस्टर करा झालं. पण शेजारचे काका म्हणतात पालिकेने मंजूर केल्याशिवाय एकाचे दोन प्लॉट होत नाहीत. मला सध्या एक वीटसुद्धा लावायची नाहीये, मग पालिकेचा संबंध काय? आणि हे नगरसेवकांच्या सभेत पास व्हावं लागतं का? आई ८१ वर्षांची आहे, तिच्या डोळ्यांदेखत नीट मार्गी लागावं एवढंच.

नकाशावाला:
काका बरोबर सांगतायत. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६ मध्ये 'विकास' या शब्दाच्या व्याख्येतच जमिनीचं सबडिव्हिजन (पोटविभागणी) येतं, त्यामुळे बांधकाम नसलं तरी परवानगी लागते. वाटणीपत्राने तुमचे हिस्से ठरतील, पण सीटीएस नंबर (नगर भूमापन क्रमांक) एकच राहील, म्हणजे कागदावर प्लॉट एकच.

सभेत जावं लागत नाही. आर्किटेक्ट किंवा लायसन्स सर्व्हेअरमार्फत इमारत प्रस्ताव विभागाकडे अर्ज जातो आणि अधिकारी पातळीवर मंजुरी होते. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले तेव्हाही या परवानग्या थांबल्या नव्हत्या.

आता मुख्य मुद्दा, तुमचा मागचा प्लॉट रस्त्याला लागणार कुठून? बाजूने वाट सोडावी लागेल. समजा ३.५ मीटरची पट्टी २० मीटर लांब काढली तर ७० चौ. मी. गेले, म्हणजे दादाकडे निम्म्या ३२० चे २५० उरले. उपनगरात मूळ एफएसआय १ आहे, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राएवढंच बांधकाम करता येतं, २२० चं बांधकाम २५० मध्ये बसतं, पण काठावर. (३.५ हा आकडा फक्त हिशोबापुरता घेतलाय, वाटेची रुंदी तिच्या लांबीप्रमाणे नियमावलीत ठरलेली असते, ती आर्किटेक्टकडून काढून घ्या.) शिवाय बंगल्याची भिंत आणि नवी हद्द यात मोकळं अंतर राहायला हवं, जुन्या बंगल्यांचं घोडं नेमकं इथेच अडतं. आधी डीपी रिमार्क (विकास आराखड्यात तुमच्या जागेवर काय दाखवलंय याचा पालिकेचा दाखला) काढा, पुढचा रस्ता रुंदीकरणात असला तर सेटबॅक (रस्त्यासाठी सोडायची पट्टी) जाऊन दादाचं क्षेत्र अजून घटेल. लेआउटमधल्या मोकळ्या जागेची १५ टक्क्यांची अट १००० चौ. मी. च्या वर सुरू होते, त्यातून तुम्ही सुटलात.

पालिकेची मंजुरी आली की मग जिल्हाधिकारी, मुंबई उपनगर यांच्याकडून पोटविभागणीचा आदेश, नगर भूमापनची मोजणी, आणि शेवटी दोन वेगळी कार्डं.

पार्ल्याची_माहेरवाशीण:
आमच्याकडे बाबा आणि काकांनी तोंडी वाटणी करून मधे भिंत घातली आणि तीस वर्षं सगळं सुरळीत होतं म्हणून कोणी कागदाकडे बघितलंच नाही. दोघेही गेले, आता एकाच कार्डावर आम्ही अकरा वारस, एक चुलतभाऊ परदेशात, एक बोलत नाही. माझ्या हिश्श्यातली एक खोली दुरुस्त करायची तरी अकरा सह्या. मोजणी केली तर जागेवरचं क्षेत्र कार्डापेक्षा कमी निघालं, मग ते कमी कोणाच्या वाट्याचं यावर वर्ष गेलं. तुमची आई आहे, दोघं भाऊ एका विचाराचे आहेत, हीच वेळ आहे हो, मोजणी आत्ताच करून घ्या. वाटणीपत्रात जागेवर मोजलेलंच क्षेत्र लिहा, आणि वाट कोणाची, गेट कोणाचं, विहिरीचं पाणी कोणी किती घ्यायचं हे पण लिहा.

ठाणेवाला_पक्या:
मी तर म्हणेन तोडूच नका. प्रीमियमचा (पैसे भरून घेतलेला) जादा एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) रस्त्याच्या रुंदीवर मिळतो, वाटेवरच्या मागच्या प्लॉटला काय मिळणार? ६४० एकत्र ठेवून पुढेमागे दोघांनी मिळून इमारत बांधली तर दोघांचाही फायदा.

नकाशावाला:
पक्याचं म्हणणं पैशाच्या हिशोबाने खरं आहे. एक मधला रस्ता सुचवतो, प्लॉट आडवा न कापता उभा कापता आला तर दोघांनाही रस्ता मिळतो. बंगला रुंदीत किती आहे?

मुलुंडचा_धाकटा:
बंगला साधारण ९ मीटर रुंद आहे आणि डाव्या कुंपणाकडे सरकलेला आहे, म्हणजे उजवीकडे ५ मीटरच्या आसपास मोकळं असेल. उभा कापला तर भिंतच मधे येईल, ते दादाला नाही सांगणार मी, आईची खोली त्याच बाजूला आहे. ताई तुमचं वाचून दादाला लगेच फोन केला. वाटणीपत्राची तारीख पुढे ढकलली, आधी मोजणीचा अर्ज आणि डीपी रिमार्क. रविवारी दोघं टेप घेऊन बाजूची पट्टी मोजतो आणि आकडे इथे टाकतो.