मदत हवी आहे: वुलपिटच्या हिरव्या मुलांवरचा छोटा पॉइंट-अँड-क्लिक गेम, शेंगांचं कोडं आणि मराठी अक्षरं

कंदील

मंडळी, फावल्या वेळात एक छोटा पॉइंट-अँड-क्लिक (चित्रातल्या वस्तूंवर क्लिक करत कोडी सोडवायचा) गेम करतोय. चार-पाच रूम (म्हणजे दृश्यं), अर्ध्या तासात संपावा असा. संवाद मराठीत, पण गोष्ट इंग्लंडातली आणि तिथेच घडणारी. दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

आधी गोष्ट सांगतो. बारावं शतक, राजा स्टीफनचा काळ, म्हणजे ११३५ ते ११५४. सफोकमधल्या वुलपिट गावात ऐन कापणीत, लांडगे पकडायला खणलेल्या खड्ड्यांपाशी दोन मुलं सापडली. बहीण-भाऊ. कातडी हिरवी, बोलणं कुणालाच कळेना. त्यांना सर रिचर्ड द कॅल्न नावाच्या सरदाराच्या घरी नेलं. पाव दिला, शिवेनात. भुकेने कासावीस, तरी समोरचं काहीच खायचं नाही. मग कुणीतरी शेतातून ब्रॉड बीन्स (वाल-पावट्यासारख्या शेंगा) झाडासकट कापून आणले, तेव्हा दोघं त्यावर तुटून पडली. पण शेंगा सोडून त्यांनी देठ फोडले! आत काही मिळेना म्हणून ढसाढसा रडली. शेवटी जवळच्या माणसांनी शेंग सोलून दाणे दाखवले. पुढे कितीतरी दिवस तेवढंच खात होती.

मुलगा लवकरच आजारी पडून गेला. मुलगी हळूहळू सगळं खायला शिकली, हिरवा रंग गेला, बाप्तिस्मा झाला, त्याच सरदाराच्या घरी कामाला राहिली. भाषा आल्यावर तिने सांगितलं की आमच्याकडे सूर्य नाही, कायम संधिप्रकाश असतो.

अडचण पहिली: खेळाडू ती मुलगी आहे. देठ फोडणं हे माझ्या मते गेमचं काळीज. पण वाल-पावटा सोलत वाढलेला आपला माणूस पहिलीच क्लिक शेंगेवर करणार. शेंग मुद्दाम बंद ठेवली तर ती फसवणूक वाटते. काय करू?

अडचण दुसरी: अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ ३.६ हे गेम बनवायचं इंजिन वापरतोय. युनिकोड मजकूर आत जातो, पण पडद्यावर जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. 'किल्ली' वाचवत नाही. इन्व्हेंटरीतली (खेळाडूजवळच्या सामानातली) पहिलीच वस्तू किल्ली आहे, त्यामुळे सुरुवातच भीषण.

जुना_टंक

दुसरीचं आधी. युनिकोड देवनागरीत अक्षरं साठवायचा क्रम वेगळा आणि दिसायचा वेगळा. ती जुळवाजुळव करणारा भाग इंजिनात नसेल तर हेच होणार, फाँट बदलून काही उपयोग नाही. दोन वाटा आहेत. गोडो ४ या दुसऱ्या गेम इंजिनात ही जुळवाजुळव करणारं हार्फबझ आतच आहे, मराठी नीट उमटते. पोपोचिऊ नावाचं प्लगइन टाकलं की रूम, हॉटस्पॉट (क्लिक करायच्या जागा), इन्व्हेंटरी सगळं ओळखीचं वाटेल. मात्र स्क्रिप्ट नव्याने लिहावी लागेल.

दुसरी वाट आडमुठी आहे, मला आवडते. डीटीपीवाल्यांचे (छपाईची पानं संगणकावर लावणाऱ्यांचे) युनिकोडपूर्व फाँट. त्यात अर्धी अक्षरं सुटी असतात आणि वेलांटी आधीच टाइप करतात, त्यामुळे इंजिनाला काही कळायची गरजच नाही. मजकूर युनिकोडमध्ये लिहा, शेवटी कन्व्हर्टरमधून काढा. फाँटचा परवाना तेवढा तपासा, गेमसोबत वाटायला बरेचसे चालत नाहीत.

आणि ३२० × २०० पिक्सेलच्या पडद्यावर असाल तर सोडा. वर मात्रा-रफार, खाली उकार, एवढ्या उंचीत देवनागरीचा चिखल होतो. ६४० × ३६० तरी घ्या.

अर्धविराम

शेंगांबद्दल. खेळाडूला मुलगी करूच नका. तो कापणीवरचा मजूर असू द्या, नाहीतर रिचर्डच्या घरची स्वयंपाकीण. मग देठ मुलं फोडतील आणि खेळाडू बघेल. त्याच्या हातात पाव, चीज, दूध, काय वाटेल ते द्या. सगळं नाकारलं जाईल. मग झाडं येतात, मुलं देठ फोडून रडतात. आता उत्तर शेंग हे नाही. यांना बीन्स माहीत आहेत, पण ते देठात असतात असं यांना वाटतं, हे लक्षात येणं हे उत्तर. शेंग सगळ्यांना ठाऊक असल्याचा इथे फायदाच होतो.

मूळ नोंदीही बाहेरूनच बघतात. एक यॉर्कशरच्या इतिहासकार विल्यम ऑफ न्यूबर्गची, दुसरी एसेक्समधल्या कॉग्शॉलच्या राल्फची. राल्फने हे सगळं खुद्द रिचर्ड आणि त्याच्या घरच्यांकडून ऐकल्याचं लिहिलंय. म्हणजे तुमची स्वयंपाकीणच साक्षीदार!

कंदील

@अर्धविराम, हे भारी आहे. मुलीची भाषा मराठी आणि गावकऱ्यांची अगम्य, असा माझा बेत होता, तो जाईल. पण उलट केलं तर खोटी लिपी रचायचं कामही वाचतं, मुलांचं बोलणं नुसत्या आवाजात ठेवता येईल. स्वयंपाकीण पक्की.

@जुना_टंक, गोडो करून बघतो. रूम अजून कमीच झाल्यात, आत्ताच हलवलेलं बरं.

खुलासा दाखवावा का? फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडच्या) निर्वासितांची मुलं होती असं एक मत वाचलं, ११७३ च्या फॉर्नहॅमच्या लढाईशी जोडलेलं.

अर्धविराम

स्टीफन ११५४ मध्येच गेला, त्यामुळे ती लढाई गोष्टीच्या काळात बसत नाही. शिवाय रिचर्डसारख्या सरदाराच्या घरात कुणालाच फ्लेमिश ओळखू येऊ नये हेही पटायला जड. हिरव्या रंगासाठी कुपोषणातला पांडुरोग सुचवतात, ते रंग पुढे गेला याच्याशी जुळतं. गेममध्ये यातलं काहीच नको. खुलासा आला की लोक पझल संपलं म्हणून उठतात.

खारुताई

मध्येच तोंड घालते. सफोकच आहे तर तिथल्या दंतकथेतला काळा कुत्रा पण घ्या ना! ४ ऑगस्ट १५७७, वादळात बंगे आणि ब्लायदबरा इथल्या चर्चमध्ये घुसला म्हणतात. ब्लायदबराच्या दारावर जळल्याच्या खुणा अजून दाखवतात.

कंदील

@खारुताई, मोह होतोय, पण चारशे वर्षांचं अंतर आहे. अर्ध्या तासाच्या गेममध्ये कुत्रा आला की मुलांना कुणी विचारणार नाही. पुढच्या गेमला नक्की.

आता शेवटचं. विल्यमच्या नोंदीत मुलं बापाची गुरं चारत असताना घंटानाद ऐकतात आणि एकदम कापणीवाल्यांत येऊन पडतात. तो नाद बेरी सेंट एडमंड्सच्या मठातल्यासारखा, असं मुलीने सांगितलं. सुरुवातीच्या रूमला तसा आवाज हवाय. कुठे मिळेल?

जुना_टंक

फ्रीसाउंड या आवाजांच्या साइटवर शोधा, सीसी झीरो (कुणीही मोकळेपणी वापरावा अशा) परवान्याचं फिल्टर लावून. फक्त इंग्लिश चर्चच्या घंटा म्हणून जे पटकन सापडतं, ओळीने उतरत जाणारे सूर, ते घेऊ नका. ती क्रम बदलत वाजवायची पद्धत सतराव्या शतकातली. तुम्हाला एक-दोन जड घंटा हव्यात, संथ आणि थोड्या बेताल. 'सिंगल बेल टोल' असं टाकून बघा, इंग्रजीतच.