तिघांवर दरोडा लागत नाही

तिघांनी मिळून कुणाला लुटलं आणि एकाकडे चाकू होता, तर दरोड्याखाली तिघांनाही किमान सात वर्षं शिक्षा, असं काहींना वाटतं. तसं नाही. दरोड्याला पाच जण लागतात. तिघे असतील तर ती जबरी चोरी. भारतीय न्याय संहितेच्या (नवा फौजदारी कायदा) कलम 309 खाली तिला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी, रात्री हमरस्त्यावर लुटलं तर 14 पर्यंत. हत्यार वापरल्यास किमान 7 वर्षांचं कलम वेगळं, 311. घटना जुलै 2024 पूर्वीची असेल तर जुन्या दंड संहितेचं (IPC) 397. फूलकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1975 सालीच सांगितलंय की हे 397 ज्याने स्वतः हत्यार वापरलं त्यालाच लागतं. मात्र धाक दाखवायला चाकू नुसता हातात धरला तरी तो वापरच, भोसकायलाच हवं असं नाही.

बचावाचा खरा जोर ओळख परेडवर (साक्षीदाराने अनेकांतून आरोपी ओळखणं) असतो. परेडआधीच आरोपी साक्षीदाराला ठाण्यात दाखवला असेल, तर तिला फारशी किंमत उरत नाही. जप्तीचे पंच (माल जप्त करताना हजर असलेले साक्षीदार) पोलिसांचे नेहमीचेच असतील तर तेही उलटतपासणीत निघतं. पण लुटीनंतर लगेच माल अंगावर सापडला आणि तो कुठून आला हे सांगता आलं नाही, तर भल्याभल्या वकिलांना घाम फुटतो.